पोहे पेणचे, पसंती घरच्यांची

पेणहून दोन वस्तू मुंबईला जातात: गणपती आणि पोहे. गणपती घेताना निदान विचारतात, बैठा हवा की उभा. मुलगी बघायच्या ज्या कार्यक्रमाला पोहे भिजतात, तिथे मुलीला एवढंही विचारत नाहीत.

जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ हा सिनेमा याच कार्यक्रमावर आहे. 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि 2025 च्या मार्चमध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, तो आपल्याकडे लागला. गोष्ट चंद्रपूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. सविताला स्वप्न पडतं की बायका बसल्यात आणि नवऱ्या मुलाला नाव, शिक्षण, उंची विचारतायत. जाग आली की बसायची पाळी तिची. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच. कॉलेजात ती समाजशास्त्र शिकते, घरी समाज.

चंद्रपूर लांब, म्हणून पेण-रोह्याने हसून घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे फक्त गावकी असते. पोरापोरींनी परस्पर जमवलं की देवळात बैठक, मग दंड, आणि दंड नाही भरला तर वाळीत. दुकानात मीठ मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही, पालखी दार टाळून पुढे जाते. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते, कोकण रेल्वेची सुरू होते. गावकीची कुठे संपते, ते कुठल्याच फलाटावर लिहिलेलं नाही.

रायगडातून अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हापासून बैठकीचं इतिवृत्त लिहायची हौस कमी झाली म्हणे.

गावकी राहू द्या, घरातलं बघा. “जबरदस्ती कसली? पोरगी हो म्हणाली ना!” हे मामा सांगतात. बरोबर आहे. आई रडत होती, हॉल बुक झाला होता, काकांनी शब्द दिला होता. त्यात ती हो म्हणाली. नाटककार देवलांनी 1899 मध्ये ‘शारदा’ नाटक रंगभूमीवर आणून म्हाताऱ्या नवरदेवाला हसं केलं. आता नवरदेव तरुण असतात. सुधारणा झाली, विचारायचं तेवढं राहिलं.

वाचकहो, पोहे पेणचेच न्या. खाऊन मुलीने नकार दिला, तर पोह्यांचा गिरणीवाला कुणाला वाळीत टाकत नाही.