लग्न म्हणे 2027 नंतर!

अहो, ऐकलंत का? या जरा जास्वंदीच्या बाजूला, इथून आमच्या जाऊबाईंच्या खिडकीत ऐकू जात नाही. त्यांचा थोरला म्हणतोय, लग्न 2027 नंतर! का, तर त्या वर्षी आर्मा 4 हा संगणकावरचा लढाईचा खेळ येणार आहे. आता आर्मा 3 आला 2013च्या सप्टेंबरात, तेव्हा हा आठवीत. मिसरूड फुटलं, इंजिनिअर झाला, पगार सुरू झाला... चौथा काही येईना. मध्ये 2022 ला ते रीफोर्जर काढलं, तर म्हणतो, "काकू, ती रंगीत तालीम आहे, नवं इंजिन तपासायला." तालमीचेही पैसे घेतले हो त्यांनी!

पण हा खेळ बनवणाऱ्या त्या प्रागच्या बोहेमियावाल्यांनी सोसलंयही बरंच. त्यांच्याकडची ती दोन पोरं, इव्हान आणि मार्टिन, 2012 ला ग्रीसच्या लेमनॉसला गेली ना... आम्ही सुट्टीवर आलोय म्हणाली. आणि खेळातलं बेट कोणतं? तेच! वर लष्करी जागांचे फोटो काढल्याचा आरोप. धरलं की हेर म्हणून! 128 दिवस आत, नाताळसुद्धा तिथेच. त्यांच्या आयांचं काय झालं असेल... हे ऐकल्यापासून जाऊबाई याला गोव्याला पाठवतानाही बजावतात, "फोटो समुद्राचेच काढ, मागे काय आहे ते बघून!" जानेवारीत जामिनावर सुटली बिचारी, आणि खेळात बेटाचं नाव झालं आल्टिस. 270 चौरस किलोमीटर! त्यात हा तासभर चालत राहतो, मग कुठून तरी एक गोळी, की आटोपलं. कोणी मारलं तेही कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून चाला. मी म्हटलं, अरे, त्यापेक्षा पर्वती चढ, निदान भूक तरी लागेल.

तर काय सांगत होते... हां, थोरले भावजी! 2021 ला पंजशीरची लढाई चालली होती ना, आपल्याकडच्या एकदोन चॅनेलवर विमानं काय, गोळे काय! भावजी सोफ्याच्या कडेला येऊन बसलेले, चहा गार. हा आतून आला, एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाबा, हा आर्मा 3 आहे." अहो, भावजींचा चेहरा! टीव्हीवर रागवावं की मुलावर, तेच सुचेना. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच निघालं. तेव्हापासून बातमी लागली की आधी याला हाक मारतात, "बघ रे, खरं आहे का खेळ?"

त्याच भावजींनी 2020 ला पबजीवर बंदी आली तेव्हा सोसायटीत पेढे वाटलेले, तुम्हीही खाल्लेत. आणि याने शांतपणे सांगितलं, की पबजीवाला तो ब्रेंडन ग्रीन आर्मातच मोडतोड करत शिकला. "म्हणजे मूळ रोग आपल्याच घरात!" असं म्हणून उरलेले पेढे फ्रिजमध्ये गेले.

बरं, परवाचे कांदेपोहे. मुलगी गोड आहे, चष्मा आहे बारीकसा. जाऊबाईंनी छंद विचारले, वाचन वगैरे म्हणेल म्हणून... तर ती याच्याकडे वळून म्हणते, "आर्मा खेळता म्हणे. स्टीमवर खेळल्याचे तास किती?" याचा घास तोंडातच. "तीन हजार... शंभर." भावजींनी तिथल्या तिथे मोबाइलवर भागाकार केला. "129 दिवस! अरे, ग्रीसच्या तुरुंगातसुद्धा एक दिवस कमीच होता की!" विहीणबाई हसू दाबत आत गेल्या, जाऊबाई मात्र पोह्यांवरची कोथिंबीर मोजत बसल्या.

मग दोघांना गच्चीत पाठवलं. तिथे काय बोलणं झालं ते मला एकटीलाच माहीत आहे, याने सांगितलं काल, कुणाला बोलू नका हं... तिचे आहेत चार हजार! आणि 2027 ची अट याची नाहीच मुळी, तिची आहे. जाऊबाई तिकडे पोरालाच बोल लावतायत सकाळपासून... श्श! खिडकी उघडली. काय हो, कढीपत्ता हवा होता का तुम्हाला?