हिरवळीची तहान

धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्याच्या चौकात, जेथे टंचाईच्या दिवसांत टपरीवरचा पोऱ्या एकाच बादलीतील गढूळ पाण्यात दिवसभर ग्लास विसळतो, तेथे उभे राहून शहरांच्या शाश्वत कारभाराचे चिंतन करणे हे धार्ष्ट्याचे खरे. तथापि २०१६ च्या एप्रिलात, मिरजेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोहोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा हुकूम फर्मावला, तेव्हा आमच्या तहानेला प्रथमच राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली. दुष्काळ तसा वारंवार येतो, परंतु त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क कोणी विकत घेत नसल्याने त्याची दखल कलेक्टर कचेरीच्या दप्तरापलीकडे जात नाही. क्रिकेट मात्र दरसाल येते, आणि त्याच्या खेळपट्टीचे पाणी कोर्टात निघताच, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते हे सनातन सत्य क्रिकेट मंडळास एकाएकी स्मरले व रेसकोर्सवरील प्रक्रिया केलेले पाणी मैदानास घालण्याची तयारी दाखविण्यात आली. (घोड्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते.) अंतिम सामना बंगळुरूस गेला. त्यायोगे लातुरास पाणी पुरविणाऱ्या मांजरा धरणात थेंबभरही भर पडली नाही, हे बोलून दाखविणे अरसिकपणाचे. पुढल्या साली सामने मुंबई-पुण्यास परतले. मांजरसुंब्यासही एखादे स्टेडियम मंजूर व्हावे, असा अर्ज सरकारदरबारी गुदरण्याचा आमचा मानस आहे; सामना कधी न झाला तरी हरकत नाही, याचिकेपुरती हिरवळ असली म्हणजे पुरे.