वेताळमामा

सोयगावात लग्नाची पत्रिका घेऊन कुणाच्याही घरी जा, आधी पाण्याचा तांब्या येतो. वेताळमामांकडे आधी प्रश्न येतो, "हात धुतले का?" कारण बैठकीतल्या पलंगावर धुतलेला पंचा अंथरलेला असतो आणि त्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा अंक उघडा असतो. पत्रिकेची हळद-कुंकू लागलेली बोटं त्या पानाजवळ गेली, तर मामा लग्नाला येत नाहीत.

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. पोस्टमनसुद्धा आता वेताळमामाच म्हणतो.

टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल काढलं आणि ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. आता सोयगावच्या डोक्यावर वेताळवाडीचा किल्ला. पोरवयातल्या मामांनी सरळ हिशेब केला, वेताळाची कवटीची गुहा असलीच तर वरती, हळदा घाटाच्या अंगाला असणार. ते शोधायलाही गेले होते. आजीला मात्र वेताळ एकच ठाऊक, शेंदराचा. नातू अवसेच्या रात्री कंदिलाशी "वेताळ, वेताळ" वाचत बसलेला बघून तिनं अंक चिमट्यानं उचलला, अंगणात ठेवला आणि त्यावरून लिंबू उतरवलं. त्या लिंबाचा डाग मुखपृष्ठावर अजून आहे. मामा तो देवाच्या अंगाऱ्यासारखा दाखवतात.

अंक मिळवायला तेव्हा शेंदुर्णी गाठायची, तिथून 'पीजे'च्या, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या, चिमुकल्या आगगाडीनं पाचोरा. घरी सांगायचं, बियाण्याची चौकशी करून येतो. मग १९७६ साली इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. भगवा कुडता आणि जीन्स. मामांनी तसाच कुडता शिवून घेतला. जीन्स काही मिळेना, म्हणून खाली पायजमा. गावाला वाटलं, पोरगं बुवा होतंय. मामी सांगतात की मुलगी बघायला आले तेव्हाही तोच कुडता होता आणि त्यांच्या वडलांनी आत येऊन हळूच विचारलं होतं, "संसार करणार ना हा?"

पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला, डांबराच्या गोळ्या आणि मधे अंक. त्यातलं एक बाड बाइंडिंग केलेलं आहे. बाइंडरनं कडा कापताना संवादांचे फुगे अर्धे उडवले. खलनायक तोंड उघडतो आणि पान संपतं. उरलेलं वाक्य मामा पाठ म्हणतात, खलनायकाच्या आवाजात. मामी आतून ओरडतात, "हळू, शेजारी पाहुणे आलेयत!"

उसना अंक ते कुणालाच देत नाहीत. "वाच, पण इथं बसून. बोटाला थुंकी लावायची नाही." मी एकदा लावली होती. अंक हातातून गेला, चहा मात्र तेवढा मिळाला.

नातवंडांशी रोजचं भांडण. "आजोबा, वेताळाला उडता येतं का?" "घोडा आहे ना भो, उडायचं कशाला?" मग सनावळी सुरू. वेताळ १९३६चा, सुपरमॅन १९३८चा. अंगाला चिकटणारा पोशाख आणि वरून चड्डी ही पद्धत आधी कुणाची, बोला! ना विजेचा हात, ना लोखंडी डगला. मेला तर मरतो बिचारा, मग पोरगा मुखवटा चढवतो. लोकांना वाटतं, तोच आहे चारशे वर्षं. मामा हे सांगताना आपल्या पोराकडं बघतात. पोराचं कृषी सेवा केंद्र आहे. तो खतांच्या बिलातून मान वर काढत नाही.

अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. तिकडून किल्ल्याकडे वळलेला पर्यटक एसटी स्टँडवर सापडला की मामा त्याला गाठतात. जातककथांची भित्तिचित्रं बघून आलात ना? "ते भिंतीवरचं इंद्रजालच. फक्त पुढच्या अंकाची वाट बघायला लागत नव्हती." पाहुणा हसतो. मामांना तो विनोद वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता वाटेनासा झालाय.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. मामांनी महिनाभर पेपरवाल्याशी बोलणं टाकलं. त्याचा काय दोष, ते तोच जाणे.

एक दुखणं तेवढं राहिलंय. त्यांच्याकडच्या मँड्रेक जादूगाराच्या एका अंकाला शेवटचं पानच नाही. जादूगारानं हात उचललेला, त्याचा साथीदार लोथार दारात उभा, आणि पुढं काहीच नाही. भाच्यानं मोबाइलवर शोधून देतो म्हटलं. मामा म्हणाले, "कागदावर येईल तेव्हा बघू. एवढी वर्षं थांबलाय तो, आणखी थांबेल."

तेव्हा कुणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक पडले असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी सोयगावला या. स्टँडवर वेताळमामा विचारा, कुणीही घर दाखवेल. येताना हात तेवढे धुऊन या.