पाणीच बघायचंय ना?

पालघरला राहणाऱ्या माणसाला वर्षातून तीन-चार वेळा गाइड व्हावं लागतं. मानधन नाही, उलट रिक्षाचं भाडं आपल्याच खिशातून. मी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण आषाढात चार सरी पडल्या की विरारहून मेहुण्याचा फोन येतो आणि मी एका दिवसापुरता इतिहास, भूगोल आणि पक्षी या तिन्ही विषयांचा मास्तर होतो.

विरारचा माणूस दादरला उतरतो तेव्हा विरारकर असतो. तोच वैतरणेची खाडी ओलांडून आमच्या बाजूला आला की सफाळ्यापर्यंत पक्का मुंबईकर झालेला असतो. केळवे रोडला त्याला हवा शुद्ध लागायला लागते. पालघरच्या फलाटावर पाय ठेवताना मेहुण्याचं वाक्य ठरलेलं : "काय भावोजी, मजा आहे तुमची, खेड्यात राहता!" 1 ऑगस्ट 2014 पासून हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, इथे कलेक्टर बसतो, असं मी दर वर्षी सांगतो. "हो का?" असं तोही दर वर्षी म्हणतो.

यंदा तो आला गटारीच्या आधीच्या रविवारी, बायको आणि दहा वर्षांच्या चिरंजीवांसह. हातात पाण्याच्या सहा बाटल्या. "तळ्यावर जायचं, म्हणून घेतल्या." आमची आई अंगणात रानभाजी निवडत बसली होती. तळ्याचं नाव ऐकल्यावर तिने मानसुद्धा वर केली नाही. "तळ्यावर काय बघायचं? पाणीच बघायचंय ना? मोरीत पिंप भरलेलं आहे."

आईचं फारसं चुकलं नव्हतं. विरारला त्यांच्या नळाला येतं ते पाणी आमच्या सूर्या नदीचं, धामणी धरणाचं. म्हणजे हा मनुष्य वर्षभर आमच्याच धरणात आंघोळ करतो आणि ते बघायला म्हणून लोकलचं तिकीट काढतो. बाटल्या वेगळ्याच.

आमच्याकडे सहलीचं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, लोकलमध्ये मोजतात. लोकल डहाणूपर्यंत आली 2013 साली. आली खरी, पण एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून माणसाला स्वतःच्या आयुष्याचा आढावा घेता येतो. त्यामुळे पाहुण्यांचा कार्यक्रम घरच्यांना पाठ आहे. उतरल्याबरोबर चहा, मग वाघोबा खिंड, देवखोपचं तळं, जेवण, आणि वेळ उरला तर केळव्याची शितळादेवी. काळदुर्ग खालूनच दाखवायचा. मनोर रस्त्यावर खिंडीत उभं राहिलं की वर कातळाचा चौकोनी ठोकळा दिसतो, कुणीतरी डोंगरावर खोकं ठेवून विसरल्यासारखा. मी त्यावर आयुष्यात एकदाच चढलोय, तेही याच मेहुण्यामुळे. वर तटबुरूज असे नाहीतच. कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी. "एवढं चढून पुन्हा पाणीच?" असं मी तेव्हा म्हणालो होतो. तेव्हा कळलं की मी आईवर गेलोय.

खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. येणारी-जाणारी गाडी इथे जरा थबकते, ड्रायव्हर हात जोडतो. वाघाला देव मानण्यात वारल्यांचा हिशेब सरळ आहे : ज्याच्या रानात राहायचं त्याच्याशी संबंध चांगले ठेवायचे. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर मिळून वाघोबाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी मोजली आहेत. वाघबारशीला त्याला वर्षाचा मान मिळतो. ही माहिती मी मोठ्या भक्तिभावाने देत असताना खिंडीतल्या माकडाने चिरंजीवांच्या हातातलं वेफर्सचं पाकीट नेलं. माहिती तिथेच संपली.

तळ्यावर मात्र मला कंठ फुटतो. मागे डोंगर, समोर पाणी, पाण्यात ढग. अशा ठिकाणी माणूस गप्प बसला तर पाहुण्यांना वाटतं, याला काही माहीत नाही. म्हणून मी चिमाजी अप्पांना बोलावतो. अप्पांच्या मोहिमेत 1739 च्या सुरुवातीला केळवे, माहीम, तारापूर मराठ्यांकडे आलं आणि मे महिन्यात वसई पडली, हे खरं. त्यांच्या घोड्यांनी या तळ्यावर पाणी प्यायलं, हे माझं. इतकी वर्षं माझं आणि खरं गुण्यागोविंदाने नांदत होतं. यंदा चिरंजीव म्हणाले, "काका, बाबा म्हणाले हे पाटबंधाऱ्याचं तळं आहे. मग तेव्हा कसं होतं?"

मी पक्ष्यांकडे वळलो. मला खंड्या, बगळा आणि पाणकावळा ओळखू येतात. उरलेले सगळे स्थलांतरित. एक तपकिरी पक्षी बांधावर शेपूट हलवत होता. त्याला मी सैबेरियातून आणला.

"ते हिवाळ्यात येतात ना, काका?"

आजकाल शाळेत नको ते शिकवतात.

तेवढ्यात सुटका झाली. बांधाखाली भाताच्या खाचरात एक बाई मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरत होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेला बांबूची टोपली. बांधाला जिथे भोक दिसेल तिथे ती आधी तोंडाशी चिखल ताजा आहे का बघायची, मग वाकून हात आत घालायची. मनगट गेलं, कोपर गेलं. चेहरा आमच्याकडे, बोलणं आमच्याशी, आणि हात तिकडे अंधारात कुणाच्या तरी घरात. "कुठून आलं, दादा?" मेहुणा म्हणाला, "मुंबई." हात बाहेर आला तेव्हा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पाठीकडून धरलेला काळाभोर मुठा होता, नांग्या हवेत उघडझाप करणाऱ्या. चावत नाही का, असं मेहुण्याच्या बायकोने विचारलं. "चावतो की," ती म्हणाली आणि तो टोपलीत टाकून पुढच्या भोकाकडे गेली.

दोन तासांत आम्ही बघितलेलं एवढंच म्हणायचं. बाकी सगळं मी सांगितलेलं होतं.

मेहुण्याने सहा मुठे विकत घेतले. "नांग्या मोडून देऊ का?" तिने विचारलं, आणि एकीकडे मोडायलाही लागली होती. पण चिरंजीवांचे डोळे भरून आले. मेहुणा म्हणाला, "राहू दे, ताजे राहतील." बाईने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी गाइड होतो, मी सांगायला हवं होतं. पण सैबेरियाच्या प्रकरणानंतर माझा आवाज बसला होता. सहाही मुठे नांग्यांसकट कापडी पिशवीत गेले.

शितळादेवी राहिली. जेवण उभ्या उभ्या झालं. लोकलमध्ये मेहुण्याने पिशवी सीटखाली ठेवली तेव्हा खिडकीशी बसलेल्या दोन मासळीवाल्या बायकांनी पाय वर घेतले. त्यांना पिशवीकडे बघूनच कळलं. फलाटावरून मी हात हलवला.

रात्री साडेदहाला फोन. मागे भांडी पडल्याचा आवाज आणि बायकोचं "आधी दार लावा ते!"

"भावोजी, मुठे सहाच होते ना?"

"सहा."

"पाच सापडले. सोळाव्या मजल्यावरून जाऊन जाऊन जाईल कुठे?"

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. ती अंथरूण घालत होती. "मोरीत बघ म्हणावं," ती म्हणाली. "पाणी आपल्याकडचंच आहे. तिथेच बसला असेल."

तिथेच होता. बादलीमागे. धरणार कोण, हे विचारायला त्यांनी पुन्हा फोन केला.