पंचवीस वर्षं कशाची?

"अगं, काल तुमच्या गच्चीवर टेप घेऊन कोण फिरत होतं? टाकी गळायला लागली की काय?"

"नाही हो काकू, सोलरवाला. तिसरा! एकाचं कोटेशन १ लाख ८० हजार, दुसऱ्याचं १ लाख ९५, कालच्याचं २ लाख ५. तिन्ही तीन किलोवॉटचीच. हे म्हणतात, वॉरंटी सगळ्यांची २५ वर्षं आहे, तर स्वस्तातलं घेऊन मोकळं होऊ."

"२५ वर्षं कशाची, ते विचारलंत का?"

"सगळ्याचीच असेल ना?"

"पॅनेलची गं! तीही काय, तर पंचविसाव्या वर्षी मुळाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज निघेल एवढीच. पॅनेलच बिघडलं तर त्याची वॉरंटी वेगळी, बहुतेक दहा-बारा वर्षांची. आणि पॅनेलला होतंय काय? ऊन खात पडलेलं असतं. बंद पडतो तो इन्व्हर्टर. त्याची किती लिहिलीय?"

"थांबा, फोटो काढलाय... पहिल्याची पाच. कालच्याची दहा. मधल्यानं नुसतं 'कंपनीच्या नियमाप्रमाणे' लिहिलंय."

"मधल्याला आधी बाजूला ठेव. आमच्या धाकट्या जावेचं हेच झालं. वॉरंटी पाच वर्षांची आणि सहाव्या उन्हाळ्यात इन्व्हर्टर गेला. बसवणाऱ्याचा फोन लागेना; दुकानात जाऊन बघतात तर तिथं मोबाइलची कव्हरं विकतायत. नव्याला तीसेक हजार पडले, आणि तो येईपर्यंत बिल पहिल्यासारखं. लावला होता तोही पश्चिमेच्या भिंतीवर, सांगलीच्या उन्हात! जिन्याखाली, वारं खेळेल तिथं लावायला काय होत होतं? तुझ्या पहिल्या आणि तिसऱ्यात फरक २५ हजारांचा. आता कर हिशोब."

"पण सबसिडी येईल की ७८ हजार."

"येईल. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला तीस-तीस, तिसऱ्याला १८. पुढं कितीही लाव, ७८च. कोटेशनमध्ये ती वजा करून दाखवतात, म्हणून आकडा गोड दिसतो. आधी पैसे सगळे आपण भरायचे, सगळं जोडून, तपासून झालं की मग खात्यात जमा. आणि सेलसकट पॅनेल इथं बनलेलं हवं, नाहीतर विसरा सबसिडी. तुमचं युनिट किती पडतं?"

"अडीचशे, तीनशे."

"मग परवडेल. एका किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट धर, पावसाळ्यात कमी. शंभर युनिटांच्या पुढं महावितरणचा दर चढतो ना, ती महागातली वीज वाचते. कोपऱ्यावरचे मास्तर बघ, एकटा जीव, ऐंशी युनिट जाळतात आणि निघालेत तीन किलोवॉट लावायला! त्यांचे पैसे फिटायचे कधी? बिल शून्य म्हणतात, पण स्थिर आकार द्यावाच लागतो."

"एक मात्र बरं, लाइट गेली तरी आपला पंखा चालू."

"कुठला चालू? ऑन-ग्रिडवाला बाहेरची लाइट गेली की बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरची वीज लागायला नको."

"अगंबाई! ह्यांनी तर घरातला जुना इन्व्हर्टर भंगारात काढायचं ठरवलंय."

"अजिबात देऊ नको. हायब्रिड आणि लिथियम बॅटरी घ्यायची तर पुष्कळ पैसे वाढतात. आपल्याकडे लाइट जाते ती वळवाच्या पावसात, नाहीतर दुरुस्तीच्या दिवशी. तेवढ्याला जुनी ट्युब्युलर बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली पुरे."

"मग कालच्यालाच हो म्हणू?"

"म्हण, पण आधी दोन लाखांवर आण. बिलावर इन्व्हर्टरचा आणि प्रत्येक पॅनेलचा सिरीयल नंबर घालून घे. पाच वर्षं देखभाल योजनेतच आहे, ती त्याचा उपकार नाही. वॉरंटीत इन्व्हर्टर काढायचा-लावायचा, पाठवायचा खर्च कुणाचा, सर्व्हिस सेंटर सांगलीत की पुण्यात, हे लेखी माग. लिहून देत नसेल तर दीड लाखातसुद्धा घेऊ नको."