एका गळतीचे जाहीर आभार

प्रति,
ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, नवी दिल्ली

विषय : आपल्या प्रोत्साहन योजनांचा मला काहीही त्रास नसल्याबाबत.

महोदय,

मी इचलकरंजीजवळच्या एका मोठ्या कापडगिरणीत, तिसऱ्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरच्या लाइनवर राहते. एअरजेट मागाला धोटा नसतो, हवेचा झोतच आडवा धागा पलीकडे फेकतो. त्या हवेतला माझा वाटा मी वाटेतच काढून घेते. अंगाने जेमतेम तीन मिलिमीटर, पण सात बारच्या दाबाला कॉम्प्रेसरची तीनेक किलोवॅट वीज माझ्या एकटीवर खर्च होते. माग थांबले तरी माझी ड्यूटी चालू. रविवारची सुट्टी नाही की दिवाळीची नाही.

2012 साली तुमची ‘पॅट’ योजना आली तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं होतं. आठ उद्योगांतले 478 कारखाने यादीत. प्रत्येकाला तीन वर्षांत गाठायचं लक्ष्य. लक्ष्याच्या पुढे जाणाऱ्याला बचतीची प्रमाणपत्रं मिळणार, मागे राहणाऱ्याने ती विकत घ्यायची, नाहीतर दंड. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन तेलाइतकी ऊर्जा. मी लगेच स्वतःचा हिशेब मांडला. वर्षाला सव्वीस हजार युनिट, टनाला 11,630 युनिट, म्हणजे माझ्या जिवाचं मोल सव्वादोन प्रमाणपत्रं.

मग लक्ष्यं कळली आणि जीव भांड्यात पडला. पहिल्या फेरीत 66 लाख 86 हजार टनांचं लक्ष्य होतं, बचत झाली 86 लाख 70 हजार टनांची. पेढे वाटले गेले. प्रमाणपत्रं निघाली 38 लाखांच्या वर. ती घेणं ज्यांना भाग होतं त्यांची गरज सव्वाचौदा लाखांची. मंडईत जे होतं तेच झालं. 2017 मध्ये वीज बाजारात सौदे सुरू झाले आणि बाराशे रुपयांचं प्रमाणपत्र घसरत दोनशेपर्यंत आलं. तुमच्याच राजपत्रात टनाचा भाव दहा हजार रुपयांच्या वर छापलेला. सोपा पेपर काढायचा आणि मग सगळे पहिले आले म्हणून बक्षिसाची रक्कम वाटून टाकायची, या उदारपणाबद्दल मी आपली ऋणी आहे.

खोटं कशाला बोलू, सगळ्यांचंच नशीब माझ्यासारखं नव्हतं. सिमेंटच्या भट्ट्यांची धुराड्यातून जाणारी उष्णता धरून त्यावर वीज करायला कारखाने लागले, तिकडच्या माझ्या थोरल्या बहिणी संपल्या. पण त्या कोट्यवधींच्या होत्या. त्यांच्यासाठी सल्लागार येतात, संचालक मंडळात सादरीकरण होतं, फीत कापली जाते. माझ्यासाठी फीत कोण कापणार?

आता खरी गंमत ऐका. युनिटला आठ रुपये धरले तरी मी गिरणीचे वर्षाला दोन लाखांहून जास्त खाते. मला मारायला लागतो काहीशे रुपयांचा क्लॅम्प आणि तासाभराचं शटडाउन. म्हणजे प्रोत्साहन तर आधीपासून होतंच, दर महिन्याला बिलातून घरपोच येत होतं. पण बिल जातं अकाउंट्सला. कॉम्प्रेसर युटिलिटीचा. लाइन मेंटेनन्सची. शटडाउन द्यायचं प्रॉडक्शनने, आणि प्रॉडक्शनला विचारा, ते म्हणणार, “ऑर्डर निघू दे, मग बघू.” क्लॅम्प आणावा तर मेंटेनन्सच्या बजेटला कात्री लागलेली, वाचलेले दोन लाख मेंटेनन्सच्या खात्यात थोडेच येणार आहेत? उलट शेवटच्या मागाला हवा कमी पडते अशी तक्रार आली की फिटर कॉम्प्रेसरचा दाब अर्ध्या बारने वाढवतो. माग खूश, आणि मीही दोन घास जास्त खाते.

ऑडिट होत नाही असं नाही हं. कायद्याने होतंच. ऑडिटर आले, कानाला हेडफोन लावून अल्ट्रासॉनिक यंत्र फिरवलं, माझा सूर बरोब्बर ओळखला आणि गळ्यात लाल टॅग अडकवून गेले. अहवालात माझा सविस्तर उल्लेख आहे. पुढच्या ऑडिटरांनाही तो टॅग शोधाशोध न करता सापडला. 14 डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनी, बॅनर माझ्याच पाइपला बांधतात.

महावितरणचेही आभार मानायला हवेत. त्यांच्या दरपत्रकात वर्षानुवर्षं लोड फॅक्टरची सवलत छापली जात आली. चोवीस तास एकसारखी वीज खेचणाऱ्या मोठ्या ग्राहकाला आकार कमी. माझ्याइतकं एकसारखं खेचणारं त्या शेडमध्ये दुसरं कोण आहे, सांगा.

2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आता टन तेलाऐवजी टन कार्बन मोजणार, असं कळलं. जरूर मोजा. तेलाच्या फेऱ्यांत वाचले, कार्बनच्याही निघतील.

विनंती एकच. कॉम्प्रेसर रूमला वेगळं मीटर बसवून त्याचा आकडा शिफ्ट इन्चार्जच्या बोनसला जोडा, असला आगाऊ सल्ला कुणी दिला तर तो कृपया समितीकडे पाठवावा. त्या माणसाला माझा पत्ता पाठ आहे. बाकी व्याजात सवलत द्या, पुरस्कार द्या, प्रमाणपत्रं वाटा, माझी काही हरकत नाही.

आपली कृपाभिलाषी,
गळती (लाल टॅगधारक)
शेड क्र. 3