आधी आवाज, मग माणूस

खानदेशात माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. जळगाव असो की धुळे, गल्लीच्या तोंडाशी आलेल्या पाहुण्याला बेल वाजवायची गरज पडत नाही. त्याची मोटारसायकल ओळखू येते, खाकरणं ओळखू येतं. नवखा असेल तर ओट्यावरची आजी त्याला अडवते, "तू कोना पोऱ्या शेस रे?" एवढ्या एका प्रश्नावर त्याचं गाव, घराणं, मामाचं गाव आणि यंदाचा केळीचा भाव असा सगळा मजकूर आतल्या चुलीपर्यंत पोचतो. चेहरा सगळ्यात शेवटी. तोवर चहाचं आधण उकळलेलं असतं.

सिनेमावाल्यांना हेच साधायला फार खटपट करावी लागते. 'शोले'मधला गब्बर आठवा. आधी खडकावर चालणारे बूट. मग दगडावरून फरफटणारा पट्टा आणि त्याच्या बक्कलचा खणखणाट. समोर उभ्या असलेल्या तिघांची उतरलेली तोंडं. माणूस अजून पुरता दिसलेलाही नाही आणि आपण खुर्चीत सावरून बसलेलो असतो. द्वारका दिवेचांचा कॅमेरा उगाच जमिनीलगत रेंगाळत नाही. भीती चढत वर यावी, अशी ती योजना आहे. या चित्रपटाला तेव्हा फिल्मफेअर एकच मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. मराठी माणसाला एवढं कळलं की 'शोले'वरच्या बाकीच्या चर्चेत त्याला फारसा रस उरत नाही.

पण माझ्या मते त्या चित्रपटातली खरी हुशारी गब्बरपाशी नाही, ठाकूरपाशी आहे. सुरुवातीला आगगाडी थांबते, एक अधिकारी उतरतो, ठाकूरचा नोकर रामलाल त्याला घोड्यावरून रामगढला नेतो, आणि तिथे शाल पांघरलेला ठाकूर भेटतो. कॅमेरा त्याला सरळ समोरून दाखवतो. काही लपवल्याची शंकासुद्धा येत नाही. शालीखाली हात नाहीत, हे आपल्याला फार पुढे कळतं. दाखवता दाखवता लपवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आमच्याकडच्या प्रेक्षकाने मात्र या कारागिरीची कायम माती केली. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊन, पान लावून, मग 'आता निघू' म्हणणारी ही माणसं. पहिली दहा मिनिटं गेलेलीच. डोअरकीपरच्या टॉर्चमागे चाचपडत जायचं, चारपाच जणांच्या पायांवर पाय द्यायचे, आणि बसल्या बसल्या शेजाऱ्याला विचारायचं, "काय झालं भो आतापर्यंत?" शेजारी तोच चित्रपट सातव्यांदा बघायला आलेला असतो. तो घडलेलं तर सांगतोच, घडणार असलेलंही सांगून टाकतो. "शाल दिसते ना? हात नाहीत त्याला." दिग्दर्शकाने अर्धा चित्रपट जपलेलं गुपित पानाची पिंक टाकायच्या आत फुटलेलं असतं.

याला कारण आमची तमाशाची सवय असावी. खानदेशाला तमाशाचं वेड जुनं. गण होतो, गवळण होते, बतावणी होते, आणि मग वग उभा राहतो. तिथे पात्राची ओळख म्हणजे लपवाछपवीचा कारभार नाही. ढोलकीवर थाप पडते, राजा पुढे येतो आणि मी अमुक नगरीचा राजा, असं स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळा होतो. यात भोळेपणा नाही, व्यवहार आहे. जत्रेत मागे झाडावर चढून बसलेल्याला राजाचा चेहरा दिसणारच नसतो; त्याच्यापर्यंत पोचते ती थाप आणि ललकारी. उशिरा आलेल्याचंही काही बुडत नाही. पात्र पुन्हा आलं की पुन्हा सांगतं.

दादासाहेब फाळक्यांपाशी तर १९१३ साली थापही नव्हती आणि ललकारीही. 'राजा हरिश्चंद्र' मूकपट. त्यांनी काय केलं? सुरुवातीलाच राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवताना दाखवला. शस्त्र हातात आहे म्हणून राजा, मुलाला शिकवतो आहे म्हणून बाप, आणि हेच घर पुढे मोडणार आहे म्हणून आपला जीव आतापासूनच खालीवर. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके त्याआधी उपाहारगृहात स्वयंपाक करायचे. प्रेक्षकाने त्यांना राणी मानलं. ओळख नीट करून दिली की लोक बाकीचं चालवून घेतात.

आता आमच्या शिरपूरची गोष्ट. स्मिता पाटील जन्मली पुण्याला, १९५५ साली, पण घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्यात मंत्री. त्यामुळे अख्खा तालुका तिला 'आपली पोर' म्हणतो, आणि त्यात कुणी हरकत घ्यायचं कारण नाही. तिचा 'मिर्च मसाला' गुजरातच्या मातीतला, केतन मेहतांचा. पण मिरचीचा चित्रपट म्हटल्यावर दोंडाईचा आणि नंदुरबारकडचा माणूस परका राहूच शकत नाही. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळत पडली की रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला अभिनयाची गरज नसते.

त्या चित्रपटाची सुरुवात पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. सुभेदाराचे घोडेस्वार धूळ उडवत नदीकडे येतात. पाणी भरणाऱ्या बाया घागरी टाकून पळतात. एकटी स्मिताची सोनबाई उभी राहते. सुभेदार पाणी मागतो. ती त्याला ऐकवते की माणसं इथे पाणी पितात, जनावरांची जागा पलीकडे आहे. नसिरुद्दीन शाहांचा तो मिशीवाला सुभेदार मुकाट्याने ओंजळ धरून वाकतो आणि ती वरून पाणी ओतते.

झालं. आता सोनबाईबद्दल आणखी काय सांगायचं राहिलं? तिचं घर, नवरा, जात, स्वभाव यांतलं एक अक्षर कुणी बोललेलं नाही. इतका वेळ टापांचा आणि पळापळीचा गलबला असतो, म्हणून तिचं नुसतं उभं राहणं मोठं वाटतं. सगळं हलत असताना एकीला स्थिर ठेवायचं, एवढाच डाव. आणि शेवटी त्या पाणी पाजण्यातून सुभेदाराचीही ओळख होऊन जाते: अपमान गिळणारा नव्हे, त्याची चव घेणारा माणूस. पुढचा सगळा मिरचीचा कारखाना या एका ओंजळीतून निघतो.

त्याआधीच्या, १९७७ सालच्या 'भूमिका'मध्ये श्याम बेनेगलांनी तिची ओळख अगदी उलट्या रीतीने करून दिली होती. पडद्यावर उषा नाचते आहे, आपण रंगून बघतो आहोत, आणि मग ध्यानात येतं की हे तर चित्रीकरण चाललं आहे. म्हणजे पहिली ओळख खोटी. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या चित्रपटाला याहून चोख सुरुवात सापडली नसती.

नंतरच्या मराठी दिग्दर्शकांना ही नस सापडलेली दिसते. 'फँड्री'तला जब्या काळ्या चिमणीच्या मागे गलोल घेऊन झुडपांत हिंडताना भेटतो, 'सैराट'चा पर्शा क्रिकेटच्या मैदानावरच्या समालोचनातून. तसलं समालोचन आमच्याकडे गावोगावच्या 'भव्य टेनिस बॉल स्पर्धां'त फुकट ऐकायला मिळतं. आणि 'कोर्ट'मध्ये चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा तर जागचा हलत नाही. शाहीर नारायण कांबळे खोलीत मुलांची शिकवणी घेतो, बसने जातो, मंचावर चढून गातो, आणि पोलीस येतात. आपण लांबून बघत राहतो, ओट्यावरच्या आजीसारखे.

ही सगळी उजळणी करायचं निमित्त म्हणजे आमच्याकडची हल्लीची लग्नं. भर उन्हाळ्यात, तिथी दाट असली की एका दिवसात चार मांडव गाठावे लागतात, आणि प्रत्येक मांडवावर ड्रोन घिरट्या घालत असतो. नवरदेवाची 'एंट्री' असते. तो काळा गॉगल लावून गाडीतून उतरतो. नीट उतरला नाही म्हणून पुन्हा बसवून पुन्हा उतरवतात. धुराचं यंत्र सुटतं, दक्षिणेकडच्या कुठल्याशा चित्रपटाचं संगीत वाजतं, आणि मुलगा इतक्या संथ गतीने चालतो की मुहूर्ताची काळजी वाटावी. नंतर व्हिडिओ बघताना मांडव वरून दिसतो, शेजारचं शेत दिसतं, ट्रान्सफॉर्मर दिसतो. मुलगा कसा आहे, ते काही दिसत नाही.

त्याच वेळी मागच्या बाजूला वरण-बट्टीच्या पंगतीची तयारी चाललेली असते. नवरदेव गॉगल खिशात टाकून गुपचूप तिथे जातो, सकाळपासून उपाशी असलेल्या मावशीला दोन बट्ट्या आणि घोटलेल्या वांग्याची भाजी वाढून आणतो, आणि ती "जाय भो, तुनं लगीन शे" म्हणून त्याला पिटाळते. एवढं दहा सेकंदांचं चित्रीकरण कुणी केलं असतं तर मुलीकडच्यांना जावई पुरता कळला असता.

तेव्हा शूटिंगवाल्या भाऊ, एक विनंती. ड्रोन पहिली दहा मिनिटं पेटीतच राहू दे. आधी मावशीचा आवाज घे, मग मुलाचे हात घे, चेहऱ्याकडे सावकाश ये. पैसे ठरले तेवढेच देऊ.